काकांनी छापलेली संदर्भसूची

मी एम.ए.पर्यंत पोचलो याचं सगळं श्रेय बापूकाकांना जातं, आणि त्या एम.ए.चं एक वर्ष वाया गेलं त्याचंही.

काका म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कल्याणच्या बाजारात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. मुरबाडकडच्या आमच्या गावात दहावीपुढे शाळाच नव्हती, तेव्हा "पोराला इकडे पाठवा" म्हणणारे ते एकटेच. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. (माझं बघून पुढेही कोणी घाई केलेली नाही.)

शेवटच्या सत्रात तीन कादंबऱ्यांमधल्या आयांवर शोधनिबंध द्यायचा होता. तो स्वीकारला तरच पदवी. विभागाने नियमांचं पत्रक दिलेलं: समास किती, अक्षर केवढं, आणि शेवटी संदर्भसूची, म्हणजे वापरलेल्या पुस्तकांची यादी. आडनाव आधी, मग नाव, सगळं अकारविल्हे. मी दिवसभर माजिवड्याला एका शोरूममध्ये नोकरीला, म्हणून टायपिंग काकांनी अंगावर घेतलं.

"आडनाव आधी?" काकांनी पत्रक चष्म्याजवळ धरलं. "असं तर चौकीत पुकारतात रे."

"काका, पद्धत आहे ती."

"श्री नाही, सौ नाही. एवढी शिकलेली माणसं, त्यांना नुसती हाक मारायची?"

"तसंच असतं."

"बरं. तू निघ, उशीर होतोय. मी बघतो."

काकांनी 'मी बघतो' म्हटलं, की आमच्याकडे पुढे कोणी काही बघत नाही.

निबंध द्यायच्या दिवशी सकाळी दुकानातून बंद पाकीट मिळालं. पहिली पत्रिका देवाला, या रिवाजाप्रमाणे आत्याने निबंध आधी देवापुढे ठेवून मगच पाकिटात घातलेला. मी पाकीट न उघडता तसंच ठाण्याला कॉलेजात नेऊन दिलं.

दोन दिवसांनी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. टेबलावर माझा निबंध, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. (आत्या.) सरांनी थेट शेवटचं पान उघडलं. वर गणपती. खाली लेखक मानाप्रमाणे, थोरले आधी. पुरुषांना श्री., बायकांना सौ., त्यात एक बाई आजन्म अविवाहित. प्रकाशकांच्या नावांवर 'आपले नम्र'. आणि ज्यांची पुस्तकं जुनी दिसली, त्या सगळ्यांना कै.

सरांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे त्यांचंच नाव होतं.

"मी कधी गेलो?"

"सर, ते... पुस्तक जुनं होतं."

(याहून वाईट उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.)

"सर, आतलं विश्लेषण तरी एकदा बघा. वर्षभर केलंय."

"ज्याला सूची करता येत नाही, त्याचं विश्लेषण काय बघायचं? पुढच्या वर्षी या."

गावी बाबांनी पेढे सांगून ठेवलेले. त्यांना सगळं समजावण्यात माझी संध्याकाळ गेली.

"म्हणजे पुस्तकांची यादी चुकली म्हणून नापास?"

"हो."

"पण पुस्तकं वाचलेलीस ना?"

"हो."

"मग?"

या 'मग'वर विभागाच्या पत्रकात काही नियम नव्हता.

काकांना कळवणं भाग होतं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. गावाहूनच पत्र टाकलं:

"ती. बापूकाकांना सा. न.

निबंध परत आला. तुमचं शेवटचं पान सरांनी फार बारकाईने वाचलं, एक ओळ सोडली नाही. त्याआधीची पानं मात्र उघडली नाहीत. त्यातली तिसरी आई लिहिताना मी दोनदा रडलो होतो, ते राहूनच गेलं. तुम्ही ती पानं टाईप केलीत, म्हणजे वाचली असणारच. कशी वाटली ते कळवा. दुसरा वाचक अजून मिळालेला नाही. उत्तराची घाई नाही. मला आता अख्खं वर्ष मोकळं आहे."