पाइपाची पायरी

आमच्या दोन घरांत मिळून एक मोठी गाडी आली, आणि ती एवढी उंच निघाली की चढायला पायरी लावून घेणं भागच होतं. दोन घरं म्हणजे आमचं आणि माझ्या थोरल्या जावेचं. भुकूमला एकाच अंगणात, समोरासमोर. जमीन विकली ती मिळून, गाडी घेतली तीही मिळून. पायरी मात्र मी एकटीने निवडली.

पौड रस्त्यावरच्या दुकानदाराने दोन नमुने काढून ठेवले. एक रुंद, सपाट, वर खरबरीत रबर. अख्खं पाऊल मावेल अशी. दुसरी म्हणजे नुसता गोल, चकचकीत पाइप, तोही जरा उंचावर बसणारा.

"आजी, घरात वयस्कर माणूस आसंल तर सपाटच घ्या," तो म्हणाला. "पाइप नुस्ता दिसायला. पाय सरकतो."

"कुणाचा सरकतो?"

"गुडघे गेलेल्यांचा."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. जावेचे दोन्ही गेलेत. मी पाइपावर बोट ठेवलं.

लेक शेजारीच होता. "आये, मोठ्या आईला चढता येईल का यावर?"

"तिला इचारलंय मी. तुज्या आवडीनं घे म्हणाली."

हे खरं होतं. काय काय मिळतं ते तेवढं मी तिला सांगितलं नव्हतं.

मला दुष्ट म्हणायच्या आधी एवढं ऐका. अठराव्या वर्षी मी या घरात आले ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. आमच्याकडे रीत अशी, की कुठल्याही गाडीत थोरलीने आधी चढायचं आणि वरून हात देऊन धाकटीला ओढून घ्यायचं. जाऊ चढली आणि ऐटीत उभी राहिली. मी शालू सावरत हात वर केला. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "चढ की. तुला उचलाया आणलंय व्हय मला?"

सगळं वऱ्हाड बघत होतं. शेवटी टायरावर गुडघा टेकून मी वर गेले. शालूला हातभर काळं वंगण लागलं, मुंडावळ्या कानात अडकल्या. आणि वर पोचल्यावर त्या बावळट पोरीने काय करावं? जावेच्या पाया पडली. वर, माझा धक्का लागला म्हणून माफी मागितली. आज ती पोर भेटली तर मी तिला दोन थोबाडीत देईन.

जावेचं तेवढ्याने भागलं नाही. हळदीकुंकू असो की बारसं, नवीन बाई दिसली की ती माझी ओळख करून द्यायची, "ही आमची धाकली. टायरावरनं आलेली." बायका हसायच्या. मीही हसायचे आणि तिला चहा करून द्यायचे, साखर जास्त घालून. एवढ्या वर्षांत एकदा तरी मीठ घालावं, एवढीही अक्कल मला सुचली नाही.

तर पायरी बसली. दुपारी घर झोपलं की मी अंगणात सराव करायचे. डावा पाय पाइपावर आडवा, हात दाराच्या कडीला, एक हिसका, की आत. चार दिवसांत जमलं.

मग नात्यातलं एक लग्न पौडला निघालं. अंगणात दोन्ही घरच्या सुना होत्या, आमच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या, कंपनीत नोकरी करणाऱ्या मुली होत्या. जाऊ काठी टेकत आली.

"सरा, आधी मी," म्हणाली. पाय ठेवला, सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला.

"आसली कसली पायरी घेतलीस गं?"

"समदी हीच लावत्यात, जाऊबाई. तुमाला जमत न्हाई व्हय? सरा, दावते."

आणि मी चढले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी वर होते आणि ती खाली.

लेक स्टिअरिंग सोडून उतरायला निघाला. "गप बस," मी म्हटलं. "हे बायांचं काम हाय." जावेची सून पाट आणायला वळली, तर पाट घसरेल म्हणून मी तिलाही थांबवलं. मग पदर नीट केला, पर्समध्ये रुमाल शोधला. मला एवढंच हवं होतं, की तिने मागावं. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने.

तिने इकडेतिकडे बघितलं. शेवटी मान वर केली.

"दे की गं हात."

"काय म्हणालात? इंजिन चालू हाय, ऐकू येत न्हाई."

"हात दे म्हणते," ती ओरडली. भाडेकरू मुलींनीही ऐकलं.

मग दिला. घट्ट धरून ओढून घेतली. पाडली नाही, मी काही राक्षसीण नव्हे. पौडपर्यंत ती रस्त्याकडे बघत बसली. मी सारखी बोलत होते.

त्यानंतर तिची सून दोनदा येऊन गेली. "काकी, ही बदलून एखादी सपाट पायरी मिळती का बघा की. सासूबाई म्हणत्यात."

एकदा बसवली की दुकानदार परत घेत नाही, असं मी सांगितलंय. घेतो. पायरी घेतली त्याच दिवशी मी विचारून ठेवलं होतं. पण यंदा भावकीत अजून चार लग्नं आहेत. तेवढी होऊ देत.