वरच्या बाणातला हुकूम

देवणीच्या एका गोपालक संस्थेत गुंडप्पा मामा बावीस वर्षांपासून गाईंची वंशावळ लिहितात. कुठल्या गाईची आई कोण, वळू कुणाचा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय, हे सगळं एका जुन्या प्रोग्राममध्ये आहे. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना, म्हणून मी नव्याच्या आत एका खिडकीत चालणारं जुनं मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला नकली कॉम्प्युटर, मांडून दिलं. वंशावळीची दुसरी प्रत काढायची मात्र राहून गेली.

मंगळवारी दुपारी लातूरला मला त्यांचा फोन आला. लाइट गेली होती, यूपीएस टीं-टीं करत होता आणि माउस त्या खिडकीत अडकला होता. मशीन नीट बंद न करता वीज तुटली तर फाइल बिघडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"उजवीकडचं कंट्रोल दाबा," मी म्हणालो.

"सुटला."

"आता कंट्रोल, ऑल्ट, टी. काळी खिडकी येईल. वरचा बाण एकदा दाबा, मी शेवटी दिलेला हुकूम परत येतो. मग एन्टर."

तो हुकूम मशीन आहे तसं जपून ठेवण्याचा होता, असं मला वाटत होतं.



"मामा, दाबलं का एन्टर?"

"न्हाई. वाचून दावतो आदी. बिल्ल्याचा नंबरबी एकानं वाचून दुसऱ्यानं म्हनल्याबगर आमी लिहीत न्हाई."

"वेळ नाही हो."

"गप ऐक." ते अक्षरं वाचत गेले. "मग दोन आडव्या रेघा. डी, ई, एल, ई, टी, ई."

मांडणीच्या वेळी पहिलं मशीन बिघडलं होतं. ते बंद करून फाइलींसकट पुसायचा हा हुकूम होता, आणि नव्या मशीनला मी तेच नाव दिलं होतं.

"मामा, एन्टरवरचं बोट काढा. कंट्रोल आणि सी दाबा, ओळ सुटेल."

"काढलं."

नवा हुकूम मी अक्षर-अक्षर सांगितला, त्यांनी प्रत्येक अक्षर परत म्हटलं. यूपीएस आता न थांबता वाजत होता.

"शंभर टक्के म्हनतंय," ते म्हणाले, आणि यूपीएसचा आवाजही बंद पडला.

"वंशावळ हाय का गेली?"

"असावी."

"असावी म्हंजी?"

चारला लाइट आली. मशीन उघडलं, अर्धी भरलेली नोंद जशीच्या तशी होती. मामांनी ती पुरी केली नाही.

"त्या वरच्या बाणात आनि काय काय ठिवलंस तू?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. दुसरी प्रत काढायला डिस्क घेतली आणि एसटी पकडली. देवणीला पोहोचलो तेव्हा त्यांनी कीबोर्ड काढून कपाटात कुलपात ठेवला होता.