काळ्या वाळूवर नाना

आमच्याकडे रोजची ताटं स्टीलची आणि पाहुण्यांच्या ताटल्या वेगळ्या. आखातात, दोह्यात येऊन बारा वर्षं झाली तरी ही सवय काही सुटली नाही. पाहुणा आला की कपाटाच्या वरच्या खणातून पांढऱ्याशुभ्र ताटल्या खाली उतरतात, आणि तो गेला की पुसून-बिसून पुन्हा वर जातात. त्या मार्चमध्ये माझे वडील, म्हणजे नाना, तीन महिन्यांसाठी सिन्नरहून आले, तेव्हा ते विमानतळावरून घरी पोचायच्या आतच मी त्या ताटल्या धुऊन टेबलावर मांडल्या होत्या.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीनेक वर्षं होती, पण शहर आत्तापासूनच उकरून ठेवलं होतं. काल ज्या रस्त्यानं भाजीला गेले तो आज बंद. माझा नवरा त्याच रस्त्यांच्या कामावर. सकाळी अंधारात जायचा आणि बुटांवर पांढरी धूळ घेऊन परत यायचा. सुट्टीचं विचारलं की म्हणायचा, “रस्ता हँडओव्हर होऊ दे, इन्शाल्ला.” हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

नानांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब चालू होते. “दिसतंय की मला,” असं नाना दर वेळी म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते खरं मानणं मलाही सोयीचं होतं.

आल्यावर पंधरा दिवसांतच त्यांनी टुमणं लावलं. “माझं तिकीट काढ.”

“अहो, आत्ता तर आलात!”

“झालं की बघून. तिकीट काढ.”

मला वाटलं, करमत नसेल. शेजारपाजार नाही, पेपर नाही, कट्टा नाही. त्यात जेवण सुटलेलं. दहीभात म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण तोही अर्धा ताटलीत पडून राहायचा. हात भाताच्या अलीकडे-पलीकडे फिरायचा, शितं टेबलावर सांडायची. पोळी-भाजी तेवढी नीट खायचे. एकदा मी फाडकन बोलले, “नाना, सांडू नका ना! लहान आहात का आता?” नाना तसेच उठले. हात धुतला आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मला भात वाढूच नकोस. रात्री जड होतो.” मीही, बरं, म्हटलं.

मन रमावं म्हणून एका शुक्रवारी त्यांना दुखानला, पश्चिमेच्या किनाऱ्यावर नेलं. तास-सव्वा तासाचा रस्ता. पांढरी वाळू, पांढरट खडक आणि वर ते ऊन. नवरा कौतुकानं दाखवत होता, इकडे बघा, तिकडे बघा. नाना गाडीतून उतरले, दोन पावलं चालले आणि परत गाडीत जाऊन डोळे मिटून बसले. “छान आहे,” म्हणाले. मला असा राग आला! एवढं हौसेनं आणायचं आणि यांनी तोंड पाडून बसायचं. परतीच्या वाटेवर मी अख्खा रस्ता बोलले नाही. घरी आल्यावर पुन्हा तेच, तिकीट काढ.

आमची बालीची तिकिटं आधीच काढलेली होती. तीही त्यांच्यासाठीच. ज्या माणसानं पस्तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला, त्यानं आयुष्यात एकदा तरी तो डोळ्यांनी बघावा, एवढाच हेतू. निघायला चार दिवस राहिले आणि नवऱ्याची रजा रद्द झाली. मी भांडले, रडले, शेवटी म्हटलं, खलास! तू बस तुझ्या रस्त्यावर, आम्ही दोघं जातो. नाना म्हणाले, “त्यापेक्षा मला सिन्नरला पाठव.” मी ऐकलं नाही. मात्र बालीहून आल्यावर लगेच तिकीट काढीन, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलंच. त्यांना आता एकटं राहू द्यायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांना माझ्याकडे राहायचं नव्हतं. हे मनात घेऊन मी विमानात बसले.

पहिले दोन दिवस दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर गेले. तिथंही वाळू पांढरी. नाना छत्रीखाली समुद्राकडे पाठ करून बसायचे. मी कोपराला धरून चालवायची, ते पाय चाचपत टाकायचे. तिसऱ्या दिवशी गाडी करून उत्तरेला गेलो. डोंगर ओलांडून खाली उतरलो, तर समोरची वाळू काळी कुळकुळीत. आभाळ भरलेलं, ऊन नाही. मच्छीमारांच्या चार होड्या आणि एक झोपलेलं कुत्रं, बाकी सगळं सामसूम.

नाना थांबले. वाकून मूठभर वाळू घेतली, चोळली. “आपला दगड,” म्हणाले. “सिन्नरच्या डोंगरात आहे ना, तोच. तिथं थंड झाला, इथं दळला गेला. अगं, आपण लाव्ह्यावरच जन्मलो, आणि बघायला एवढ्या लांब आलो!” पुष्कळ दिवसांनी ते हसले.

मग त्यांनी माझा हात सोडवून घेतला.

“नाना, पडाल.”

“नाही पडत.”

पँट दुमडून ते पाण्याच्या कडेनं चालायला लागले. मी मागे. लाट आली की ते बरोबर दोन पावलं मागे सरायचे, ओसरली की पुढे. एकदाही चुकले नाहीत. वाटेत एक दोरखंड पडला होता, पांढरा. तोही ओलांडला.

“नाना, तुम्हाला लाट दिसतेय?”

“दिसतेय की. काळ्यावर पांढरा फेस आहे. फळ्यावर खडूनं रेघ ओढावी तसा स्वच्छ दिसतोय.”

“मग दुखानला?”

“तिथं सगळंच पांढरं, त्यात ऊन. जमीन कुठं संपते आणि पाणी कुठं लागतं, काही कळेना. डोळे दुखायला लागले.”

मी उभीच राहिले. मला घरचं टेबल आठवलं. पांढऱ्या फरशीवर पांढरं टेबल, त्यावर पांढरी ताटली आणि तीत दहीभात.

“आणि घरी... भात?”

नाना पाण्याकडे बघत राहिले. “तोही नाही दिसत,” म्हणाले.

“मग तोंडानं सांगायचं नाही का हो!” मी ओरडलेच. कुत्रं उठून बसलं. “मी इतकं बोलले तुम्हाला, आणि तुम्ही गप्प?”

“तू माझ्यासाठी चांगल्या ताटल्या काढल्यास. आल्या दिवशी किती कौतुकानं दाखवल्यास. आता त्या नकोत, असं कसं सांगायचं?”

मी तिथंच वाळूत बसले आणि ढसाढसा रडले. माझीच मला लाज वाटत होती. नाना शेजारी टेकले. थोड्या वेळानं बोटानं वाळूत ज्वालामुखीचा छेद काढून मला समजावायला लागले, जणू मी सातवीतच आहे. मी नाक पुसत सगळं ऐकून घेतलं.

दोह्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेले. जिथं बघावं तिथं पांढरी भांडी आणि सोनेरी काठ. काळी ताटली आहे का, म्हटलं की दुकानदार माझ्याकडे बघायचे. मनात मलाही कसंसंच होत होतं. संक्रांत सोडली तर आपल्याकडे काळं कोण घेतं? शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात एक मिळाली. साधी, प्लास्टिकची, हॉटेलात असतात तसली. “मॅडम, लास्ट पीस है,” दुकानदार हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाला. मी ती छातीशी धरून घरी आणली. नवरा म्हणाला, “अगं, हे काय अवलक्षण?” सगळं सांगितल्यावर मात्र त्यानं स्वतःच ती धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या ताटल्या मी वरच्या खणात ठेवून दिल्या आणि नानांना काळ्या ताटलीत दहीभात वाढला. त्यांनी ताटलीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हात सरळ भातावर गेला. एक घास, दुसरा घास. कडेचं शीतही बोटानं टिपलं. टेबलावर काही सांडलं नाही.

वचन दिलेलं होतं. मी मन घट्ट करून विचारलं, “नाना, सिन्नरचं तिकीट कधीचं काढू?”

त्यांनी ताटली पुढे सरकवली. “अजून वाढ. मीठ कमी आहे. आणि मला घालवायची एवढी घाई का झालीय तुला?”