पेणच्या खारबांधावर मी उपटलेली काठी

"पाऊस असला म्हणून काय विरघळणार आहेस का? चल गुपचूप!" असं माझी मावसबहीण वैजू फोनवर म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. खरं सांगते, मला चालण्याची अजिबात हौस नाही. बावन्नाव्या वर्षी गुडघे आपलं ऐकत नाहीत, आपल्यालाच चार शब्द ऐकवतात. पण वैजू राहते रोह्याला आणि तिच्या हातचं वालाचं बिरडं म्हणजे काय विचारता! त्याच्या आशेवर मी याआधीही नको त्या गोष्टींना हो म्हटलेलं आहे.

तिथल्या एका हौशी गटाने पेणजवळच्या खाडीकाठाने बारा किलोमीटरची पायपीट ठेवली होती. माणशी अडीचशे रुपये, त्यात नाश्ता आणि पेणहून गावापर्यंतचा टेम्पो. शनिवारी दुपारी दिव्याहून रोह्याची गाडी पकडली. निडी गेलं तशी खिडकीवर सर आली आणि रोह्याला उतरेपर्यंत तिने काही दम घेतला नाही. आश्विन अर्धा सरला तरी परतीचा पाऊस हटायचं नाव घेत नव्हता.

रविवारी पहाटेची एसटी. नागोठणे, गडब करत साडेसातला पेणला पोचलो, कंबर जागेवर आहे का ते चाचपत. ज्यांना यायचं आहे त्यांनी आदल्या रात्री पेणलाच मुक्काम करावा, एवढं माझं ऐका. स्टँडबाहेर पोहे-चहा झाला. गटाचा म्होरक्या अमेय, तिशीचा, गळ्यात शिट्टी, बोलणं थेट पीटीच्या मास्तरांसारखं. त्याने नियम सांगितला, "हळू चालणारे पुढे. मागचे त्यांच्या चालीने येतील." आणि पंचवीस जणांतून अचूक मला सगळ्यात पुढे उभं केलं. वैजू फिदीफिदी हसली. मेली!

टेम्पोने खाडीच्या गावात सोडलं आणि आम्ही बांधावर चढलो. डावीकडे खाडी, उजवीकडे कापणीला आलेलं पिवळं भात, आणि मध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध. हा बांध आहे म्हणून ती शेतं आहेत, नाहीतर सगळं भरतीच्या पोटात. पौर्णिमा होती, म्हणजे उधाण. दुपारी एकच्या सुमारास पाणी सगळ्यात वर येणार आणि त्याच्या आत आपण पलीकडे, असा अमेयचा हिशेब होता.

चिखल असा की बूट एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मी दोनदा घसरले. मागच्या लोकांकडे दुकानातल्या फोल्डिंगच्या काठ्या होत्या, माझ्याकडे छत्री, जी वाऱ्याने केव्हाच उलटी केली होती. तेवढ्यात बांधात रोवलेली एक बांबूची काठी दिसली. टोकाला निरगुडीचा पाला बांधलेला. पोरांचा खेळ असेल, नाहीतर बुजगावणं, असं मला वाटलं. देवच पावला म्हणत मी काठी उपटली, पाला सोडून फेकला आणि टेकत टेकत पुढे निघाले. माझ्यामागून चोवीस माणसं त्याच जागेवरून आली.

पंधरा मिनिटं झाली असतील. मागून किंकाळीच आली, "थांबा! अरे थांबा, खांड गेली!"

शेतातून एक बाई धावत येत होती, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात फावडं. चाळिशीची असेल. नाव यमुना, हे नंतर कळलं. आम्ही सगळे परत फिरलो. जिथून मी काठी काढली होती तिथेच बांध खचून खांड, म्हणजे भगदाड, पडली होती, आणि खाडीचं पाणी मनगटाएवढ्या धारेने भातात पडत होतं.

"कालच भरलीय ही खांड, वली हाय अजून," ती धापा टाकत म्हणाली. "खूण रवली व्हती ना! पाला बांधला व्हता! खूण दिसली की मानूस खाली उतरून शेतातनं जातो, वरनं नाय जात. कुटं गेली खूण?"

"आम्हाला तर काही दिसलं नाही," अमेय म्हणाला. तो खरंच बोलत होता.

काठी अजून माझ्याच हातात होती. सगळे धारेकडे बघत होते. मी दोन पावलं मागे सरले आणि ती काठी हळूच खाडीत सोडून दिली. वैजूने पाहिलं. माझं मनगट घट्ट धरून कानात म्हणाली, "आत्ता तोंड उघडू नकोस." मीही नाही उघडलं. लाज वाटते लिहिताना, पण नाही उघडलं.

"गावातले लोक?" अमेयने विचारलं.

"गडी कंपनीत शिफ्टला, बाकी सगळी पार त्या टोकाला उघाडीवर, बांधातल्या पान्याच्या दारांपाशी. हाक पोचून ती येईपरत तासभर. तवर पानी ऱ्हाईल काय? खारं शिरलं की तीन सालं दाना नाय पिकत, बाबा." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "सासऱ्यानं जन्म घातला या चार खाचरांत."

अमेयने गटातल्या एका पोराला उघाडीकडे पळवलं. अकरा वाजले होते. भरतीला दोन तास, आणि धार दर मिनिटाला जाड होत होती.

मग यमुनाताईने आम्हाला अक्षरशः कामाला जुंपलं. तिने शेताच्या बाजूची चिकणमाती फावड्याने कापायची, आम्ही रांग लावून ढेपा हातोहात पुढे द्यायच्या, चौघांनी भगदाडात टाकून पायाने तुडवायच्या. मधूनमधून पेंढा. ती ओरडत होती, "मोकली नको टाकू, दाब, दाब गो!" पहिल्या वीस ढेपा पाण्याने सरळ गिळल्या. कुणीतरी जेवणासाठी आणलेली निळी ताडपत्री आतून लावली, ती फाटली. पाऊस तोंडावर. दोघं जण "हे आपलं काम आहे का?" म्हणत बाजूला झाले, तशी वैजू कडाडली, "मग जाताना बांधावरूनच जाणार ना रे, की उडत?" ते निमूट परत आले.

मी यमुनाताईच्या शेजारीच होते. ती ढेप कापायची आणि माझ्या हातात द्यायची. दर वेळी वाटायचं आता सांगावं, आणि दर वेळी पुढची ढेप यायची. माझे गुडघे? कसले गुडघे! आठवणच नव्हती.

उघाडीवरची माणसं आली तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी सराईतपणे बाहेरून बांबू ठोकले. एक वाजता पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं, आणि आम्ही सगळे त्या ओल्या मातीकडे बघत होतो. एका जागी पाझर फुटला. यमुनाताईने त्यावर स्वतःची पाठ लावली आणि तशीच बसून राहिली, कमरेएवढ्या चिखलात. पाऊण तासाने एक म्हातारबाबा खाडीत थुंकले, थुंकी कुठे वाहतेय ते बघितलं आणि म्हणाले, "फिरलं पानी."

पुढची पायपीट अर्थातच रद्द. गावाने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. निघताना यमुनाताईने माझे हात धरले, "लई राबलात गो ताई." मी मान खाली घालून टेम्पोत बसले.

वैजूचं बिरडं त्या संध्याकाळी तसंच ताटात राहिलं. सोमवारी घरी आले, बूट धुतले, कामाला लागले. माणूस विसरतो म्हणतात. मी तर बाई चार दिवस भाताचा कुकर लावतानाही ते पाणी बघत होते. पाचव्या दिवशी अमेयकडून यमुनाताईचा नंबर मिळवला आणि मन घट्ट करून फोन लावला.

आधी भाताचं विचारलं. तीन खाचरं कापून झाली होती. कोपऱ्यातल्या चौथ्यात खारं शिरलं होतं, ते आता पडीक.

"यमुनाताई," मी म्हटलं, "ती खूण मी उपटली. मला माहीत नव्हतं, पण उपटली मीच. आणि नंतर लपवली."

पलीकडे तिने कोंबड्यांना हाकललं.

"मना म्हायीत हाय," ती म्हणाली. "तुमी ती पान्यात सोडली तवा मी तुमच्या पाठीशीच व्हते."

"मग बोलला का नाहीत? चार शिव्या तरी द्यायच्या!"

"शिव्या दिल्या असत्या तर तुमी रडत बसला असता, आन् तुमच्यासंगं चारजनी समजूत घालीत," ती म्हणाली. "मना तवा हात पायजे व्हते. म्हनून तर तुमाला शेजारी उभं केलं, नजरंसमोर. शिव्या काय, आत्ता देते की. हाय का टाइम?"

"आहे," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.