दीड किलो कमी
गाडीत तापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वास आला की मला रियाधचं ते मैदान आठवतं. रमजान चालू होता आणि परदेशातल्या एका रग्बी क्लबचे कोच खेळाडू निवडायला आले होते. अब्बांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, महिन्याभरात संपत होता, मग आम्ही सगळे कोकणात परत. तिथे माझ्या रग्बीला कोण विचारणार? पहाटे सेहरी करून यान्बूहून निघालो, अब्बांनी दिवसभर एकट्याने गाडी चालवली. सफरात रोजा माफ असतो, तरी अब्बांनी धरला होता, म्हणून मीही हट्टाने धरला. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथे, पहिल्या फळीसाठी शंभर किलो हवे होते. काटा दीड किलो आधीच थांबला. कोच म्हणाले, अर्ध्या तासाने शेवटचं वजन घेतो. मला रडूच फुटलं. अब्बांनी मला गाडीमागे ओढत नेलं, डिकीतून अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या काढल्या आणि म्हणाले, “पी. हा रोजा नंतर भरून काढ.” मी म्हटलं, “मग तुम्हीही प्या.” “मला कोण काट्यावर उभं करतंय? यल्ला, चल, पी!” ते गरम पाणी मी घटाघटा पीत होतो, ओकारी येत होती, आणि अब्बा तोंड फिरवून उभे होते. त्यांना माझी लाज वाटली, असंच मी कितीतरी वर्षं धरून चाललो. शंभर भरले, करार मिळाला, दोन हंगामांत गुडघ्याच्या दुखापतीने तोही संपवला. यंदाच्या रमजानात मी रोजात असताना भर दुपारी माझी लहान लेक समोर बसून पाणी प्यायला लागली, आणि मी नकळत तोंड फिरवलं. त्या दिवशी अब्बांना तहान लागली होती.