दोनशे बारावी पाइपलाइन

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा. सतरा वर्षं ती एकच काम करत होती, पाइपलाइन सांभाळायचं. प्रोग्रामर कोड लिहून हात झटकून मोकळे होत. तो कोड तपासून, त्याचं सॉफ्टवेअर बांधून यंत्रांपर्यंत पोचवणारी आपोआप चालणारी साखळी, ती पाइपलाइन. कंपनीची यंत्रं म्हणजे रुग्णाच्या शिरेत मोजून औषध सोडणारे पंप. त्यामुळे मूळची धास्तावलेली ताई जास्तच धास्तावलेली असे. घराबाहेर पडल्यावर कुलूप ओढून बघायला दोनदा जिना चढायची.

त्या सोमवारी साहेबांनी नवा एआय एजंट दाखवला. "ताई, याला फक्त बघायची परवानगी आहे, कशाला हात लावणार नाही. विचारलं की सगळ्या पाइपलाइनची यादी देतो."

"यादी मला तोंडपाठ आहे. दोनशे अकरा."

एजंटनं क्षणात यादी दिली. खाली लिहिलं होतं, एकूण दोनशे बारा.

"आधी मोजायला शिकवा त्याला," ताई हसली. साहेबही हसत चहाला गेले. ती एकेक ओळ बघत राहिली आणि एकशे चाळिसाव्या ओळीवर तिचं हसू मावळलं. जुन्या पंपांची पाइपलाइन. शेवटची फेरी आज सकाळी, यशस्वी. जबाबदार व्यक्ती म्हणून तिचंच नाव.

ही तिनं सहा वर्षांपूर्वी बंद केली होती. निदान तसं लिहून दिलं होतं. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा, बाहेरच्या बाकावर बसून, फोनवरून. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, परत उघडून बघितलं नव्हतं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोट होती. पंप मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, तर औषध दुप्पट वेगानं जाई. नवं सॉफ्टवेअर त्यासाठीच आलं होतं, आणि ही पाइपलाइन रोज त्याच्यावर जुनंच चढवत होती.

तिनं एजंटला विचारलं, ही कुठल्या पंपांवर जाते?

"मला फक्त पाइपलाइन आणि त्यांच्या फेऱ्या दिसतात," उत्तर आलं. "पंपांची माहिती माझ्याकडे नाही. ही पाइपलाइन गेलं वर्षभर रोज चालली आहे. त्याआधीच्या नोंदी मला दिसत नाहीत."

गुपचूप बंद केली तर कुणाला कळणार होतं? पण पंपांच्या पोटातलं सॉफ्टवेअर जुनंच राहिलं असतं. ती उठली.

"साहेब, माझ्या हातून चूक झालीय. कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

साहेबांनी कप तसाच ठेवला. पाइपलाइन बंद झाली. नोंदवहीत असे अकरा पंप सापडले. सात एका दवाखान्याच्या अडगळीत पडून होते. उरलेल्या चारांच्या दवाखान्यात फोन कुणी उचलेना. तिसऱ्या खेपेला तिथल्या नर्सबाईंनी घेतला. ताईनं त्या चार पंपांचं विचारलं.

"तीन रिकामे आहेत. एक आजींना लावलाय. जरा थांबवलाय, आता सुरू करतेच."

"नको!" ताई किंचाळली. "सुरू करू नका, सिस्टर! तो काढा, दुसरा लावा!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग पावलं, ट्रॉलीची चाकं, कुणाचा तरी खोकला.

"काढला," नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. "आजी ठीक आहेत. झालं काय पण?"

तीन आठवडे चौकशी चालली. सहा वर्षांत दोनदा औषध दुप्पट वेगानं गेलं होतं. दोन्ही वेळा कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं. कुणाला इजा झाली नव्हती.

"सुटलीस की गं," नवरा म्हणाला.

"अहो, दोनदा. कुणीतरी बघत होतं म्हणून."

तिचा राजीनामा साहेबांनी घेतला नाही. मात्र तेव्हापासून पाइपलाइन बंद करायला दोघांच्या सह्या लागू लागल्या. नवे पंप द्यायला ताई स्वतः गेली. नर्सबाईंना तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता.

"तुम्हीच का त्या?" नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "चालू करायच्या बटणावर बोट होतं हो माझं."