सॅम कार्टर घरी का आला नाही

यिन बाईंनी उभ्या आयुष्यात एकही गोरा माणूस जवळून पाहिला नव्हता, आणि तरी तीस वर्षं त्यांनी एक इंग्रज कुटुंब पोसलं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. निदान आता तरी नाही.

मी चीनमधल्या या तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा आमच्या विषयाचे प्रमुख फंग सर यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "त्साओ, काही अडलं तर यिन बाईंना विचार. पण त्यांच्या उताऱ्याला हात लावू नकोस. तेवढं सोडून काहीही चालेल."

उतारे म्हणजे परीक्षेतले. आमच्या पोरांच्या इंग्रजीचा निम्मा जीव या उताऱ्यांत असतो. एक पान वाचायचं, खाली पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, एक बरोबर. बाकीचे मास्तर जुन्या संग्रहातून उतारा उचलतात, जॅकचा जिम करतात आणि चहा प्यायला जातात. मीही तेच करायचे. यिन बाई मात्र स्वतः लिहायच्या. ठेंगणी, चष्म्याची, बारा महिने बाह्यांवर निळ्या कापडी खोळी चढवलेली ही बाई स्टाफरूमच्या कोपऱ्यात थर्मासातलं गरम पाणी पीत बसायची आणि कार्टर मंडळींचा संसार चालवायची.

मिस्टर कार्टर पोस्टात होते. मिसेस कार्टर घरी. त्यांना सॅम नावाचा मुलगा, आणि रस्टी नावाचा तांबडा कुत्रा. सॅम यिन बाईंच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, सातवीच्या सहामाहीत जन्मला. मग त्याला दात आले, तो शाळेत गेला, सायकलवरून पडला. आमच्या पोरांपेक्षा तो हळू वाढायचा. मी आले तेव्हा तो नुकता कॉलेजात गेला होता.

हे इंग्लंड तसं आमच्याच तालुक्यात वसलेलं होतं. मिसेस कार्टर ऊन पडलं की रजया कठड्यावर टाकायच्या. संत्र्याची सालं खिडकीत वाळवायच्या. आणि नाताळच्या महिनाभर आधीपासून डुकराचं मांस चुलीवर धुराला टांगायच्या.

"बाई, तिकडे असं मांस टांगत नाहीत हो," मी एकदा म्हटलं. मी प्रांताच्या राजधानीत शिकलेली, मला चुका काढायची खाज होती.

"मग सणाला मुलगा घरी आला की वाढतात काय?"

"टर्की."

"तो पक्षी मी पाहिलेला नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही."

"आणि लंडन पाहिलंय वाटतं?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू फार बोलतेस," म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांचं हसू मी पाच वर्षांत मोजून चारदा पाहिलं असेल, त्यातलं ते पहिलं.

बाई वर डोंगरातल्या खेड्यातल्या. पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या. एकाशी लग्न ठरलं होतं, तो दक्षिणेला ग्वांगतुंगच्या कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. पुढे आई अंथरुणाला खिळली, ती अकरा वर्षं. ती गेल्यावर शाळेच्या आवारातली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक वाडगा, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर वह्या असायच्या. मी कधी गेले तर वह्या पलंगावर आणि मी खुर्चीवर, आणि मी निघाले की माझ्यादेखत वह्या परत खुर्चीवर. त्याचा मला राग यायचा. आणि घरी येऊन वाईट वाटायचं.

वर्गात मात्र त्यांचा एकच नियम, आणि तो सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. आधी प्रश्न वाचा. मग उताऱ्यात शोधा. उत्तर उताऱ्यातच असतं. आपल्या घरचं त्यात घालायचं नाही. आमच्या पोरांना हे सांगावंच लागतं. निम्म्यांचे आईबाप दक्षिणेला कारखान्यांत आहेत, पोरं आजीआजोबांकडे नाहीतर वसतिगृहात. 'आई स्वयंपाकघरात आहे' असं वाक्य आलं की त्यांचा जीव उताऱ्यातून उठून कुठल्या कुठे जातो आणि दोन गुण बुडतात. अक्षराचंही तसंच. छापल्यासारखं गोल, उभं, सगळ्यांचं एकसारखं अक्षर बाईंनी घोटून घेतलं होतं. तपासणाऱ्याचा डोळा अडायला नको, गुण कापले जायला नकोत. सहाशे पोरांचं अक्षर एका हातचं वाटायचं.

एकदा पेपरांचे गठ्ठे बांधताना बाई मला मध्येच म्हणाल्या, "त्साओ, हे कुणी वाचतं का गं?"

"सहाशे पोरं वाचतात की. मोठमोठ्या लेखकांना एवढे वाचक मिळत नाहीत."

"ती शोधतात. शोधणं वेगळं. तीस वर्षांत एकानं तरी विचारलं का, की बाई, रस्टीचं पुढे काय झालं?"

"काय झालं रस्टीचं?"

"आता मी म्हटलं म्हणून विचारतेस होय," त्या म्हणाल्या आणि दोरीला गाठ मारली. माझी मान खाली गेली. खरं सांगायचं तर मीही ते उतारे कधी वाचले नव्हते. उत्तरं तेवढी तपासली होती.

मागच्या वर्षी वरून हुकूम आला की पुढच्या सत्रापासून पेपर तयार छापून येतील, आणि उतारे खऱ्या परदेशी वर्तमानपत्रांतले असतील. हे सत्र संपताना, जानेवारीत, बाई पंचावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होत्या. म्हणजे नववीची ती सत्रपरीक्षा त्यांची शेवटची. फंग सरांनी त्यांना एका उताऱ्याची जागा दिली, उपकार केल्यासारखी. कार्टरांचा संसार आटपायला बाईंकडे एक पान होतं, फार तर तीनशे शब्द.

आठवडाभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी जे लिहिलं ते असं होतं: मिस्टर कार्टर वारले आहेत. सॅम दूरच्या शहरात नोकरी करतो. नाताळच्या आदल्या दिवशी मिसेस कार्टर मांस धुरावरून उतरवतात, रजई उन्हात घालतात, दोघांची ताटं मांडतात. दुपारी फोन येतो. सॅम म्हणतो, खूप काम आहे. आई म्हणते, बरं. मग ती खिडकीशी बसते. संपलं.

"बाई, हे काय केलंत?" मी वाचून म्हटलं. या खेपेला खरंच वाचलं होतं. "शेवटच्या दिवशी तरी पोराला घरी आणायचं की! कोण अडवणार होतं तुम्हाला?"

"मी आणायचा प्रयत्न केला," त्या म्हणाल्या. "चारदा लिहिलं. दार उघडतं, तो आत येतो, आणि पुढे तो काय बोलेल हे मला सुचेना. घरी आलेला माणूस काय बोलतो, मला ठाऊक नाही."

मी पर्याय तपासले आणि कागद परत दिला.

शेवटचा प्रश्न पर्यायांचा नव्हता, एका वाक्यात उत्तर लिहायचं होतं. 'सॅम घरी का आला नाही?' दोन गुण. नमुना उत्तर: 'कारण त्याला खूप काम होतं.' अगदी सोपा, उताऱ्यात समोर दिसणारा. बाईंनी तो मुद्दाम सोपा ठेवला होता, जाता जाता पोरांना दोन गुण देण्यासाठी.

आमच्याकडे तपासणी अशी होते. पेपराच्या कडेला नाव आणि वर्ग, ती कड दुमडून दोऱ्यानं शिवतात. कुणाचा पेपर हे कुणालाच कळत नाही. एका मास्तराकडे एकच प्रश्न, आणि गठ्ठा हातोहात पुढे सरकतो. लिहायच्या प्रश्नाचा कंटाळा सगळ्यांनाच, म्हणून तो नेहमी तरुणांच्या गळ्यात पडतो. त्या दिवशी बाईंनी तो मागून घेतला. टेबलाखाली शेगडी, पायांवर रजई, मी त्यांच्या शेजारी. आमचं चिनी नवं वर्ष दोन आठवड्यांवर आलं होतं.

पहिले वीस-पंचवीस ठीक गेले. खूप काम होतं, खूप काम होतं, दोन, दोन. मग बाईंचं पेन थांबलं.

"त्साओ, हे बघ."

'कारण त्याला गाडीचं तिकीट मिळालं नाही,' असं लिहिलं होतं. दोन पेपर सोडून पुढे, 'कारण रिकाम्या हातानं यायची त्याला लाज वाटते.' मग, 'कारण आला तर परत जाताना आई रडते.' आणि एकानं लिहिलं होतं, 'तो खोटं बोलतोय. काम नाहीये. माझे बाबाही असंच सांगतात.'

दुपारपर्यंत अशी दीडशेच्या वर उत्तरं झाली. बाईंनी जन्मभर वर्गाबाहेर ठेवलेली सगळी घरं त्या एका प्रश्नात येऊन बसली होती.

"काय करू या?" फंग सर मागे येऊन उभे राहिले. "तालुक्यात आपला क्रमांक घसरणार. पण उत्तर उताऱ्यात नाही, तर नाही. उतारा तुमचा आहे बाई, तुम्हीच बोला."

"शून्य," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "बाई! यांनी बरोबर लिहिलंय! फोनवर तो काय सांगतो आणि खरं काय, एवढं कळतंय यांना!"

"बरोबरच लिहिलंय गं. बरोबर असलं म्हणजे गुण मिळतात, असं कुठं आहे? वरच्या शाळेत जायच्या जूनच्या मोठ्या परीक्षेत यांचा पेपर मी तपासणार नाही. तिथं जो बसेल त्याला यांच्या बाबांचं काय?" त्या म्हणाल्या, आणि शून्य देत गेल्या. पण मधूनच चष्मा काढून पुसत होत्या. दर शून्यापाशी मला वाटायचं आता थांबतील, आणि त्या थांबत नव्हत्या. मी त्या दिवशी त्यांच्यावर इतकी चिडले होते की पाणीसुद्धा विचारलं नाही.

तीन वाजायच्या सुमारास, गठ्ठा बहुतेक संपत आला असताना, त्यांनी एक पेपर दोन्ही हातांत धरला आणि तशाच बसून राहिल्या. शेवटी मी वाकून पाहिलं. जागा एका वाक्याची होती, उत्तर समासात उतरलं होतं. तेच छापील, गोल, सगळ्यांचं अक्षर.

'सॅम येतोय. सातवीच्या पेपरात पूल पडला होता तेव्हाही तो चालत आला होता, जेवणं झाल्यावर, आणि रस्टी पुलापाशी त्याची वाट बघत होता. आता रस्टी म्हातारा झालाय. त्याच्याबरोबर हळू चालावं लागतं, म्हणून उशीर होतोय.'

बाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. भर खोलीत, आठ मास्तरांसमोर. मग त्यांनी पेन उचललं आणि दोन गुण दिले.

"यिन बाई," फंग सर म्हणाले, "हे कसं? बाकीच्यांना शून्य आणि याला दोन?"

"उत्तर उताऱ्यातलं आहे," बाई म्हणाल्या. "या नाही, दोन वर्षांमागच्या. गठ्ठा आणून दाखवू का?"

फंग सर मागे फिरले आणि आपल्या जागेवर गेले. तेवढ्यासाठी त्यांचे बाकीचे अपराध मी माफ केले आहेत.

कोण असेल ते पोर? मी अक्षर उलटसुलट करून पाहिलं. छे. शेपटी नाही, तिरपेपणा नाही, खूण म्हणून नाही. बाईंनीच तर सगळ्यांचे हात एक करून टाकले होते. मी हळूच म्हटलं, "बाई, शिवण जरा उसवते. दोन टाके. कुणाला कळणार आहे?"

"पेपर पुढे सरकव," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुण चढवायला शिवण रीतसर उसवली गेली, तेव्हा मी सगळे सहाशे पेपर चाळले. दोन तास लागले. नाव सापडलं. मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंचं सामान बांधून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्या वर खेड्यात, आईच्या रिकाम्या घरात राहायला जाणार होत्या. कठड्यावर रजई उन्हात टाकली होती.

"बाई, सापडलं! तुमच्या रस्टीवालीचं नाव. अजून वसतिगृहातच आहे, गाडी संध्याकाळची आहे. बोलावून आणू? खाली उभी करते हवं तर."

बाई रजई उलटी करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नको सांगूस."

"अहो बाई, तीस वर्षं तुम्ही—"

"नको, त्साओ. नाव कळलं की ते एकच पोर राहील. मग बाकीच्या पाचशे नव्व्याण्णवांनी वाचलं नाही, हेही कळेल." त्यांनी रजईवर दोनदा थाप मारली, धूळ उडाली. "आता रस्त्यात कुणीही भेटलं तरी मला वाटेल, हेच असेल."

मला रडूही आलं आणि रागही आला. एवढं एक माणूस दारापर्यंत आलं होतं, त्यालाही आत घ्यायचं नाही म्हणजे काय! पण मी नाव गिळलं. आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, त्या मुलीलाही नाही.

त्यांनी खोलीत जाऊन थर्मासातलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. दुसऱ्या खुर्चीवर वह्या नव्हत्या, त्या बांधल्या गेल्या होत्या. मी तिच्यावर बसले, आणि संध्याकाळच्या गाडीचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही दोघी पाणी पीत बसलो.